कोणाच्या हातात पडणार?
(‘मंदीतली जाहिरात’ या पुस्तिकेची प्रस्तावना)

धंदा मंदावला की छापखान्यात दोन प्रकारची माणसं येतात. पहिला येतो तो ऑर्डर रद्द करायला. “काका, यंदा कॅलेंडरं नकोत. बघू पुढच्या वर्षी.” दुसरा येतो तो नेमका उलट. “पाच हजार हँडबिलं टाका. ‘भव्य सवलत’ लाल रंगात, मोठ्या टायपात.” पहिल्याला वाटतं आपण खर्च वाचवला, दुसऱ्याला वाटतं आपण धाडस केलं. सांगलीत तीसेक वर्षं छपाईचा धंदा केल्यावर माझं मत असं झालं आहे की हे दोघंही बहुतेक वेळा चुकतात. चुकण्याचं कारणही एकच असतं. आपला कागद नेमका कोणाच्या हातात पडणार, हे दोघांनीही स्वतःला विचारलेलं नसतं.

ही पुस्तिका त्या एका प्रश्नासाठी लिहिली आहे. किराणा, खानावळ, शिवणकाम, बेकरी, सायकलदुरुस्ती, घरगुती मसाले, शिकवण्या, बचत गटाची पापड-लोणची, असा एकदोन किंवा फार तर पाचसहा माणसांचा धंदा करणाऱ्यांनी ती वाचावी. यांच्याकडे जाहिरातीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढलेली नसते. ती गल्ल्यातूनच काढावी लागते, आणि गल्ला आधीच हलका झालेला असतो. मी जाहिरातशास्त्र शिकलेलो नाही. पण हजारो लोकांची पत्रकं माझ्या मशीनवरून गेली. त्यांतलं कोणाचं पत्रक दुसऱ्यांदा छापायला आलं आणि कोणाचं आलं नाही, हे मी बघत आलो. माझी विद्या एवढीच.

मंदी म्हणजे काय, हे सांगलीच्या पेठेला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि रोखीवर चालणारा बाजार काही आठवडे थिजला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि बिलबुकापासून हिशेबापर्यंत सगळी घडी नव्यानं बसवावी लागली. ऑगस्ट २०१९मध्ये महापूर, मार्च २०२०मध्ये टाळेबंदी, त्यातून डोकं वर काढतोय तोच जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर. पाच वर्षांत पाच तडाखे. प्रत्येकाचं कारण निराळं, पण दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की चित्र सारखंच: मालाला उठाव नाही, उधारी वसूल होत नाही, आणि दुपार कलली तरी भवानी झालेली नाही.

यांतल्या तिसऱ्या तडाख्यानं मला जे शिकवलं, ते आधी सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, सगळी पेठ पाण्यात. पाणी ओसरल्यावर मी शटर वर केलं तेव्हा कागदाची रिमं फुगून एकमेकांना चिकटली होती आणि मशीनच्या रोलरांत गाळ बसला होता. दुरुस्तीत दीड महिना गेला. मिरजेतल्या एका व्यवसायबंधूनं रात्रीच्या वेळी त्याचं मशीन वापरू दिलं, म्हणून धंदा जिवंत राहिला.

मग मीही तेच केलं जे माझी गिऱ्हाइकं करतात. ‘पुन्हा आपल्या सेवेत’ अशी चार हजार हँडबिलं छापली आणि पेपरातून टाकायला दिली. छपाई मी स्वतः केली असली तरी कागद विकतचा होता, पेपर टाकणाऱ्यांचे पैसे द्यायचे होते. त्यावर तीन फोन आले. त्यांतला एक, भिजलेली रद्दी कोण घेतं हे विचारणारा होता. ज्या शहरात घराघरांतून ओला कागद बाहेर फेकला जात होता, त्या शहरात मी आणखी चार हजार कागद वाटले होते.

माळ्यावर माझी ऑर्डरबुकं मात्र कोरडी राहिली होती. कोणासाठी काय छापलं, किती प्रती, कोणत्या महिन्यात, आणि बिलबुकं असतील तर शेवटचा अनुक्रमांक काय, हे सगळं त्यात लिहिलेलं. एका संध्याकाळी बायकोनं ती खाली काढली आणि म्हणाली, “या सगळ्यांची बिलबुकं पण वाहूनच गेली असतील की.” दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं फोन करायला बसलो. काम द्या, असं कोणाला म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, “तुमच्या बिलबुकाचा मजकूर आणि शेवटचा नंबर माझ्याकडे लिहिलेला आहे. पुढच्या नंबरपासून छापून ठेवू का?” पलीकडे काही क्षण शांतता, आणि मग बहुतेकांचं उत्तर एकच: “काका, देवासारखा फोन केलात.” पंधरा दिवस मिरजेचं मशीन रात्रभर चालत होतं.

हँडबिल अनोळखी माणसाला सांगत होतं की मी आहे. फोन ओळखीच्या माणसाला सांगत होता की तुमची एक अडचण माझ्याकडे सुटेल. पुढची सगळी प्रकरणं या दोन वाक्यांतल्या फरकावर उभी आहेत.

हा फरक माझा शोध नाही. सांगली जिल्ह्यात राहून जाहिरातीवर लिहायचं तर किर्लोस्करवाडीचं नाव घ्यावंच लागतं. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगराकडे वळले, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत होता. अशा गिऱ्हाइकापुढे ‘उत्तम नांगर, रास्त भाव’ असं कितीही मोठ्यानं ओरडलं तरी उपयोग नव्हता. आधी त्याच्या मनातली भीती जायला हवी होती. पुढे १९१०मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटं मासिक सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत जावी, हा त्याचा मूळ हेतू. पण लोक ते जपून ठेवू लागले, कारण त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी असे. त्याच रोपट्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडं त्याला आली. जाहिरातीचा कागद रद्दीत जायचा नसेल तर त्यावर काय छापावं, याचा वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात दिला गेला आहे.

दुसरं उदाहरण मुंबईचं. १९३१ साली जगभर महामंदी असताना दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. पाण्यात विरघळवली की शाई तयार. त्या धंद्याची पुढे कॅम्लिन झाली. लिहिणं कोणी थांबवत नाही, पण खिशात पैसा कमी असला की माणूस थोडक्यात भागणारी वस्तू शोधतो. मालाचा आकार आणि किंमत हीसुद्धा जाहिरातच असते, हे या गोळ्यांकडे बघून मला पटलं.

याच महामंदीतली अमेरिकेतली एक गोष्ट व्यवसायाच्या भाषणांत हमखास सांगितली जाते. न्याहारीच्या पोह्यांचा धंदा करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी पोस्टनं जाहिरातीला कात्री लावली, केलॉगनं जाहिरात दुप्पट केली आणि केलॉग पुढे गेली. गोष्ट खरी आहे. पण केलॉगच्या पाठीशी आधीचा साठवलेला पैसा होता. आपल्याकडे दोन महिन्यांचं दुकानभाडं साठवलेलं असलं तरी पुष्कळ. म्हणून ‘मंदीत जाहिरात वाढवा’ हा सल्ला छोट्या दुकानदारानं जसाच्या तसा घेऊ नये. खर्च वाढवायचा नाही, लक्ष वाढवायचं, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ करावा.

लक्ष कशाकडे द्यायचं? आधी गिऱ्हाइकाकडे. मंदीत गिऱ्हाईक खरेदी थांबवत नाही, ते खरेदी पुढे ढकलतं. नवीन घेण्याऐवजी जुनं दुरुस्त करतं, किलोऐवजी पाव किलो नेतं, आणि पैसे वाया जातील या भीतीनं अनोळखी दुकानाची पायरी चढत नाही. जाहिरात या भीतीला उत्तर देणारी हवी. सायकलच्या दुकानानं ‘नव्या सायकलींवर सूट’ अशी पाटी लावण्यापेक्षा ‘जुनी सायकल अर्ध्या दिवसात ठीक करून मिळेल, खर्च आधी सांगू’ असं खडूनं लिहिलं तर गिऱ्हाईक आत येतं. दुरुस्तीला आलेला माणूस हातात असला की नव्या सायकलीचं बोलणं आज ना उद्या निघतंच.

सवलतीबद्दल मात्र मला थोडं कठोर लिहावं लागलं आहे, कारण माझ्याकडे छापलेल्या हँडबिलांत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द तोच. हिशेब साधा आहे. शंभर रुपयांच्या वस्तूत तीस रुपये सुटतात असं धरू. वीस टक्के सूट दिली की ती ऐंशीला गेली आणि हातात दहा राहिले. पूर्वी दहा नग विकून तीनशे रुपये मिळत. आता तेवढेच मिळवायला तीस नग विकले पाहिजेत, तेही मंदीत. शिवाय ऐंशीचा भाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसला की तो शंभरावर परत नेताना नाकी नऊ येतात. त्यापेक्षा भडंगच्या पाकिटात दहावा हिस्सा जास्त भरावा. सत्तर रुपयांत पडणाऱ्या पाकिटाला वरचा माल सात रुपयांचा लागतो, भाव तसाच राहतो, आणि घरी गेल्यावर बाई म्हणते, “या दुकानात हात सैल आहे.” पुढच्या आठवड्यात पिशवी त्याच दुकानाकडे वळते.

पत्रकांनाही हाच काटा लावावा. समजा दोन हजार पत्रकांना छपाई आणि वाटप धरून तीन हजार रुपये लागले आणि दहा नवी माणसं आली. एक माणूस तीनशेला पडला. तो महिन्यातून एकदा चाळीस रुपयांची खारी नेणार असेल तर हा सौदा तोट्याचा. पण तो महिन्याचा डबा लावणार असेल तर हेच तीनशे रुपये पहिल्या आठवड्यात सुटतात. पत्रक महाग की स्वस्त, हे छपाईच्या दरावरून ठरत नाही. छापखानेवाल्यानं हे लिहावं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण लिहिलं आहे.

पुस्तिकेत स्वस्त उपायांची तीन प्रकरणं आहेत. त्यांतल्या दोन माणसांची ओळख इथेच करून देतो. पहिल्या एक शिवणकाम करणाऱ्या ताई. ब्लाउज शिवून झाला की पिशवीत बोटभर पुठ्ठ्याचा तुकडा टाकतात. त्यावर त्यांच्या मापाच्या वहीतला नंबर, तारीख आणि एक ओळ: ‘पुढच्या वेळी माप द्यायला येऊ नका, कापड पाठवा आणि हा नंबर सांगा.’ लग्नपत्रिकांचे कापून उरलेले पुठ्ठे त्या माझ्याकडून फुकट नेतात. तो तुकडा कपाटात पडून राहतो, टाकला जात नाही. जाऊबाई विचारतात, “हा नंबर कसला?” आणि जाहिरात तिथे होते, ताईंच्या गैरहजेरीत.

दुसरे एक खानावळवाले. दारात काळा फळा, त्यावर रोज सकाळी खडूनं आजची भाजी. मेथी संपली की मेथीवर काट मारतात, खोटी आशा ठेवत नाहीत. अकराच्या सुमारास त्याच फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. तो फोटो बघून ऑफिसात बसलेला माणूस साडेअकराला ठरवतो की आज डबा आणला नाही ते बरंच झालं. खर्च एका खडूचा. पण त्यात एक अट आहे. फळा रोज लिहावा लागतो. चार दिवस कालचीच भाजी दिसली की पाचव्या दिवशी कोणी बघत नाही.

मोबाइलविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठीचं वेगळं ॲप जानेवारी २०१८पासून आपल्याकडे फुकट मिळतं. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, वस्तूंची यादी घालता येते. पण ब्रॉडकास्ट यादीची गंमत अनेकांना ठाऊक नसते. एका यादीत २५६ माणसं बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. याला लोक अडचण समजतात. मला ती सोय वाटते. तुमचा नंबर जपून ठेवणारी माणसं किती, हे ती यादी तुम्हाला न बोलता सांगते. गुगल मॅप्सवर दुकान नोंदवायलाही पैसे पडत नाहीत. तिथे वेळा बरोबर टाकाव्यात, पाटी दिसेल असा दिवसाउजेडीचा फोटो लावावा आणि वाईट अभिप्रायाला शांतपणे उत्तर द्यावं. विकत घेतलेले पाच तारे वाचणाऱ्याला लगेच कळतात.

२०२०च्या एप्रिलमध्ये बाजार विस्कळीत झाले तेव्हा कोकणातल्या कितीतरी आंबेवाल्यांनी मोबाइलवर असाच ओळखीचा धागा धरला. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला गाठलं, त्यानं संकुलाच्या ग्रुपवर मागणी गोळा केली आणि पेट्या थेट फाटकाशी उतरल्या. शहरभर जाहिरात करायची गरज पडली नाही. कोणाच्या हातात पडणार, याचं उत्तर आधी सापडलं होतं.

कायद्याचं प्रकरण छोटं आहे, पण ते वगळू नये. दुसऱ्याच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर पत्रक चिकटवणं स्वस्त दिसतं. पण सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५पासून आहे. दुकानाची पाटी मराठीत असणं २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही बंधनकारक झालं. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सापडते. आणि घरगुती पीठ-चूर्ण विकणाऱ्यांनी १९५४चा औषध जाहिरातींविषयीचा कायदा लक्षात ठेवावा. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी ओळ छापायला माझ्याकडे दर वर्षी कोणीतरी येतं, आणि मी दर वर्षी चहा पाजून परत पाठवतो.

या पुस्तिकेत काय नाही, तेही सांगून टाकतो. जाहिरातीनं मंदी जात नाही. खराब माल, रोज बदलणारी वेळ, गिऱ्हाइकाशी तुसडेपणा, यांवरही तिचा उपाय चालत नाही. उलट चार माणसं जास्त येतात आणि चार माणसं जास्त नाराज होऊन जातात. उधारी अडकली असेल तर आधी ती वसूल करा. वसुलीच्या फोनमध्येही ‘थोडे थोडे द्या, पण येत जा’ असं म्हणता येतं, आणि ते कोणत्याही हँडबिलापेक्षा जास्त काम करतं. उधारी थकल्यामुळे तोंड चुकवणारं गिऱ्हाईक दुकान कायमचं सोडतं, हे मी स्वतःच्या वहीत पाहिलं आहे.

ज्यांचे अनुभव पुढे आले आहेत त्यांनी नाव घालू नका म्हणून सांगितलं, म्हणून नावं नाहीत. त्यांची पत्रकं छापताना मी शिकलो, पैसे मात्र त्यांनी मला दिले. ही पुस्तिका त्या उधारीची परतफेड समजावी.

शेवटची चार पानं कोरी सोडली आहेत. छापखानेवाल्याला कोरं पान सोडणं जड जातं, पण इथे ते मुद्दाम सोडलं आहे. वाचायला सुरुवात करण्याआधी जुनी वही काढा, फोनमधले नंबर चाळा, आणि गेल्या वर्षभरात तुमच्याकडे दोनदा तरी आलेल्या माणसांची नावं त्या पानांवर लिहा. प्रत्येकासमोर त्यानं शेवटचं काय नेलं आणि आता त्याला काय लागत असेल, हे एका ओळीत टाका. वीस नावं झाली की मग पहिलं प्रकरण उघडा.